एकसष्टावा जीव

लाँचच्या धक्क्यावर त्याला सगळे मोजदादा म्हणत. मोजदाद करणारा दादा तो मोजदादा. खरं नाव हजेरीपटावर होतं, आणि कधीकाळी कुणी ते पुकारलंच तर तो स्वतःच मागे वळून बघायचा, कुणाला हाक मारली म्हणून.

नदी तिथे चांगलीच रुंद. या काठावरून त्या काठावर लाँचच्या दिवसाला सहा फेऱ्या. मोजदादाचं काम एवढंच, की धक्क्यावरून लाँचवर टाकलेल्या फळीच्या तोंडाशी उभं राहायचं, हातातल्या यंत्राचं बटण अंगठ्याने दाबत माणसं मोजायची, फळी उचलली की आकडा वहीत चढवायचा. वहीत तारीख, वेळ, फेरी असे रकाने होते आणि शेवटच्या रकान्याच्या डोक्यावर छापलेलं होतं, ‘जीव’.

तेविसाव्या वर्षी तो नोकरीला लागला तेव्हा त्याने जुन्या हेडक्लार्कला विचारलं होतं, इथे ‘माणसं’ का नाही लिहिलं. हेडक्लार्क म्हणाला, “सामान बुडालं तर भरपाई देता येते. जीव बुडाला तर येत नाही. म्हणून त्याचा रकाना वेगळा.”

“मग कुत्रं?”

“कुत्र्यालाही जीव असतो, पण ते सामानात.”

“कडेवरचं मूल?”

“जीव.”

“आणि समजा कुणी मढं घेऊन चाललं असेल तर?”

हेडक्लार्कने चष्मा काढला, पुसला, परत लावला. “तू मोज,” तो म्हणाला. “विचार करत बसलास तर आकडा चुकेल.”

मोजदादाने ते मनावर घेतलं आणि एकोणतीस वर्षं विचार न करता मोजलं. चेहरे तो बघतच नसे. त्याला दिसायचे फक्त पाय. चपला, बूट, अनवाणी, लंगडणारे, घाईचे. पोरं मुद्दाम त्याच्याशी बोलून त्याला चुकवायला बघत. तो उत्तरंही द्यायचा आणि अंगठाही चालवायचा. घरी बायको चेष्टा करायची, “अहो, जिन्याच्या पायऱ्या मोजून झाल्या असतील तर वर या.” ती घरी शिवणकाम करायची, जुने कपडे उसवून, उलटवून, आखूड-लांब करून द्यायची. कापड आलं की खिडकीपाशी धरून दोन्ही हातांनी ताणायची आणि म्हणायची, “जीव आहे अजून,” किंवा “यात काही जीव राहिला नाही, टाका.” मोजदादाला वाटायचं, आपल्या घरात दोघंही एकाच खात्यात कामाला आहेत.

मग त्या थंडीत ती सकाळ उगवली.

धुकं इतकं होतं की लाँचचं नाक धक्क्यावरून दिसत नव्हतं. साडेसातची फेरी, कामावर जाणाऱ्यांची. मोजदादाने मोजलं, लाँच चालवणारा सारंग आणि त्याचे तीन खलाशी मिळवले, आणि वहीत लिहिलं: एकसष्ट. फळी उचलली, भोंगा झाला, लाँच धुक्यात विरघळली.

वीस मिनिटांनी भोंगा पुन्हा ऐकू आला. आखूड, तुटक, थांबून थांबून. धक्क्यावर जे होते त्या सगळ्यांच्या जिवाचं पाणी झालं.

धुक्यात वाट चुकून लाँच पलीकडच्या काठाजवळच्या वाळूच्या दांड्यावर चढली होती आणि एका अंगावर कलंडली होती. पाणी आत शिरत होतं. काठावरच्या मासेमारीच्या होड्या धावल्या. काही माणसं होड्यांत उतरली, काहींनी कंबरभर पाण्यात उड्या टाकल्या आणि चिखल तुडवत काठ गाठला. सारंग सगळ्यात शेवटी उतरला. तासाभरात सगळे कोरड्यात होते. कुणाचं ढोपर फुटलं, कुणाचा डबा वाहून गेला, एका बाईची चप्पल चिखलात रुतून बसली, एवढ्यावर निभावलं. साहेबांनी, म्हणजे धक्क्याच्या अधिकाऱ्यांनी, फोनवर ते ऐकलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. मग पलीकडच्या हवालदाराने माणसं रांगेत उभी करून मोजली आणि आकडा कळवला.

साठ.

“परत मोजा,” साहेब म्हणाले.

परत मोजली. साठ. सारंगाने मोजली. साठ. पलीकडच्या शाळेच्या मास्तरांनी मुलं मोजतात तशी खांद्याला हात लावून लावून मोजली. साठ.

साहेबांनी वही उघडली आणि मोजदादाकडे बघितलं. ते रागावले नव्हते. तेच मोजदादाला जास्त लागलं.

“मोजदादा, एकसष्ट नक्की?”

“लिहिलंय ना, साहेब.”

“लिहिलंय ते मला दिसतंय. मोजलेत का?”

एकोणतीस वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. मोजल्याशिवाय कसं लिहीन, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं. पण त्या फेरीतला एकही पाय त्याला आठवेना. आठवायचे नसतातच ते. तसे आठवत बसलं असतं तर एकोणतीस वर्षांत डोकं फुटलं असतं.

“मोजले,” तो म्हणाला.

“मग एक जण पाण्यात आहे,” साहेब म्हणाले, आणि त्यांनी पाणबुडे बोलावले.

पाणबुडे दुपारपर्यंत बुड्या मारत होते. दांड्याच्या भोवती, लाँचच्या खाली, प्रवाहाच्या दिशेने दोन मैल. मोजदादा पहिल्या होडीने पलीकडे गेला आणि काठावर उभा राहिला. अकराच्या सुमाराला धुकं उठलं, पाणी चकाकायला लागलं, आणि त्याला वाटलं की इतकं स्वच्छ ऊन पडल्यावर तरी माणूस दिसायला हवा. पाणबुड्यांचा मुख्य चहा प्यायला वर आला, तेव्हा मोजदादाने त्याला विचारलं, “काही लागतंय का हाताला?”

“एक डबा लागला. एक छत्री लागली.” तो माणूस थंडीने कुडकुडत होता. “किती जण म्हणालात?”

“एक जीव.”

“देह,” पाणबुड्या म्हणाला. “आता चार तासांनी देहच म्हणायचं. जीव सापडतो तो पहिल्या दहा मिनिटांत. बायको म्हणते, आत्मा पाण्यावर फिरत राहतो. असेल. मला कधी भेटला नाही. मला जे हाताला लागतं ते मी वर आणतो.”

मोजदादाने मान हलवली. पण त्याच्या डोक्यात गुंता झाला. वहीत त्याने लिहिला होता जीव. पाण्यातून निघाला तर निघणार होता देह. मग जीव लिहिला होता तो कुठे जमा धरायचा?

तेवढ्यात त्याला ती आठवली.

म्हणजे तिचे पाय आठवले. सुजलेले पाय, टाचा बाहेर आलेल्या सपाता, आणि फळीवर टाकलेलं प्रत्येक पाऊल नीट तोलून. मागून कुणीतरी म्हणालं होतं, “जरा जागा द्या हो, दोन जिवांची आहे ती.” आणि मोजदादाचा अंगठा, जो एकोणतीस वर्षं फक्त पायांचं ऐकत आला होता, तो त्या वेळी कानांचं ऐकून दोनदा दाबला गेला असेल काय?

तो तसाच दवाखान्याकडे निघाला. अंगाला मार लागलेल्यांना तिथेच नेलं होतं.

ती तिथेच होती. पंचविशीची असेल. कोरडं पातळ नेसून खाटेवर बसली होती आणि डॉक्टरीणबाई तिच्या पोटावर नळी लावून ऐकत होत्या. मोजदादा दारात अवघडून उभा राहिला. काय विचारायचं ते त्याने वाटेत घोकलं होतं, पण आता ते सगळं विचित्र वाटायला लागलं.

“ताई,” तो म्हणाला, “सकाळी तुम्ही फळीवरून चढलात तेव्हा कुणी काही बोललं का?”

“माझ्या सासूबाई बोलल्या की. जागा द्या म्हणाल्या.”

“दोन जिवांची आहे, असं म्हणाल्या?”

“म्हणाल्या असतील. त्या सगळ्यांनाच सांगतात. भाजीवाल्यालासुद्धा सांगतात.” ती हसली, मग त्याचं तोंड बघून गप्प झाली. “का हो? काय झालं?”

त्याने सांगितलं. डॉक्टरीणबाई नळी कानातून काढून ऐकत राहिल्या. सांगून झाल्यावर त्याने त्यांना विचारलं, “बाई, याच्यात जीव धरायचा का? म्हणजे आत्ता?”

“ठोके छान आहेत. सातवा महिना आहे. जीव नाही कसं म्हणू?” त्या म्हणाल्या. “पण आमच्या कागदावर जन्माला आल्याशिवाय चढत नाही तो. आज तुम्ही विचारलंत तर मी म्हणेन, खाटेवर एक पेशंट आहे.”

“म्हणजे एक.”

“कागदावर एक.”

“आणि कागद सोडून?”

डॉक्टरीणबाईंनी त्याला खुर्ची दिली आणि आधी त्याचं ब्लडप्रेशर बघितलं.

परत येऊन त्याने साहेबांना हे सांगितलं. साहेबांचा चेहरा एकदम उजळला, आणि लगेच त्यांनी तो आवरला. “म्हणजे साठच होते. एक तुम्ही जास्त दाबला.”

“दाबला असेल.”

“असेल म्हणजे? मोजदादा, तुमच्या शब्दावर मी पाणबुडे परत पाठवणार आहे. दाबलात की नाही?”

मोजदादाने आपल्या अंगठ्याकडे बघितलं. हो म्हणावं आणि खाली कुणी असेल तर तो तिथेच राहील. नाही म्हणावं तर सहा माणसं बर्फासारख्या पाण्यात नसलेल्या माणसासाठी बुड्या मारत राहतील, त्यांचाही जीवच आहे.

“माझं मलाच सांगता येत नाही, साहेब.”

“तुमचा अंतरात्मा काय म्हणतो?”

साहेब शिकलेले होते, त्यांना असे शब्द पटकन सुचत. मोजदादाने प्रामाणिकपणे आत कान लावून बघितलं. तिथे त्याला भुकेचा आवाज आला, आणखी काही नाही. त्याच्या अंतरात्म्याने आजवर त्याला खोटं बोलू नकोस, उशीर करू नकोस, असलं सांगितलं होतं. आकडा कधी सांगितला नव्हता.

साहेबांनी संध्याकाळपर्यंत शोध चालू ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतही ठेवला. त्या दुपारी पेपरवाला ऑफिसात आला. हा रोज सकाळी लाँचवर चढून पेपर विकायचा आणि फळी उचलायच्या आत उतरायचा. मोजदादा त्याला ओळखून असल्यामुळे मोजत नसे.

“दादा, मला सारखं वाटतंय,” पेपरवाला म्हणाला, “काल थंडी होती म्हणून मी तोंडावरून मफलर घेतला होता. पायात पोराचे बूट होते. तुम्ही मला ओळखलं नसेल. उतरलो तो मागच्या बाजूने उतरलो. मला मोजलंत का तुम्ही?”

साहेबांनी टेबलावर हात आपटला, पण आनंदाने. “झालं. मिटलं. हाच तो.”

“म्हणजे ती बाई नाही?” मोजदादाने विचारलं.

“तीही असेल.”

“साहेब, दोन्ही असतील तर एकसष्टातून दोन गेले. एकोणसाठ उरले. बाहेर तर साठ आलेत.” तो बराच वेळ बोटांकडे बघत होता. “म्हणजे आता एक जास्त होतो. तो कोण?”

पेपरवाल्याला उगाचच अपराध्यासारखं झालं. तो म्हणाला, “मी येतो,” आणि गेला.

“मोजदादा,” साहेब फार हळू म्हणाले, “तुम्ही आता आणखी काही आठवू नका.”

त्यांनी पाणबुडे परत पाठवले. कुणी हरवल्याची तक्रार नव्हती. दोन्ही काठांवर दवंडी दिल्यासारखी सूचना लावली होती, की त्या फेरीला होते आणि मोजणीआधीच घरी गेले अशांनी कळवावं. कुणी आलं नव्हतं. वरच्या ऑफिसला अहवाल जायचा होता आणि त्याला जोडायला वहीतली दुरुस्ती हवी होती. साहेबांनी वही पुढे केली. एकसष्टावर काट मारा, साठ लिहा, सही करा.

मोजदादाने पेन घेतलं. काट मारणं त्याच्या जिवावर आलं. त्याला वाटलं, एक माणूस दोनदा बुडवतोय आपण. शेवटी त्याने बाजूला बारीक अक्षरात लिहिलं, ‘मोजले एकसष्ट. मिळाले साठ.’ आणि सही केली. साहेबांनी ते वाचलं, सुस्कारा सोडला, आणि तसंच पाठवून दिलं. वरच्या ऑफिसातून काहीच उत्तर आलं नाही. आठवडाभराने मोजदादाची बदली तिकिटाच्या खिडकीवर झाली. शिक्षा म्हणून नाही, असं साहेबांनी तीनदा सांगितलं.

घरी त्याची अवस्था बघवत नव्हती. जेवताना घास हातात धरून तो भिंतीकडे बघत बसे. बायकोने चार दिवस सोसलं आणि पाचव्या दिवशी म्हणाली, “अहो, इतकं जिवाला लावून घेऊ नका. असता कुणी, तर कुणीतरी विचारायला आलं नसतं का?”

“तेच तर,” तो म्हणाला. “ज्याच्यासाठी जीव तुटेल असं कुणी असतं, त्याची तक्रार येते. ज्याला कुणीच नाही त्याची तक्रार कोण करणार?”

बायकोच्या हातात कुणाचीतरी विजार होती. ती सुई थांबवून त्याच्याकडे बघत राहिली. पंचवीस वर्षांच्या संसारात नवरा जिन्याच्या पायऱ्यांपलीकडे काही बोलल्याचं तिला आठवत नव्हतं.

“मग तुम्ही करा चौकशी,” ती म्हणाली. “इथे बसून भिंतीला भोक पडायचं.”

म्हणून तो दर सुट्टीला पलीकडे जायला लागला. एकटी राहणारी माणसं कुठे असतात ते शोधत फिरायला लागला. भाड्याच्या खोल्या, गोदामांचे पहारेकरी, वीटभट्टीवरचे मजूर, धर्मशाळेसारखी स्वस्त राहण्याची ठिकाणं. विचारायचा, “गेल्या महिनाभरात इथून कुणी कमी झालंय का?” लोक त्याला वसुलीवाला समजायचे, पोलीस समजायचे, एकाने तर ज्योतिषी समजून हात पुढे केला. चेहरे न बघणाऱ्या माणसावर आता दिवसभर चेहरेच बघायची पाळी आली होती, आणि ते त्याला जमत नव्हतं. एकाच म्हाताऱ्याला त्याने तीन वेळा तोच प्रश्न विचारला. तिसऱ्यांदा म्हातारा म्हणाला, “मी अजून आहे हो.”

पाचव्या आठवड्यात एक बाई तिकिटाच्या खिडकीशी आली. जाड भिंगांचा चष्मा, हातात किल्ल्यांचा जुडगा. पलीकडच्या काठावर ती खोल्या भाड्याने द्यायची.

“हरवलेली माणसं विचारत फिरतात ते तुम्हीच ना?” ती म्हणाली. “माझा एक भाडेकरू आला नाही परत. छत्रीवाला. छत्र्या दुरुस्त करतो.”

मोजदादाचा जीव घशाशी आला. पाणबुड्याने वर काढलेली छत्री त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

“कधीपासून?”

“तेच नक्की सांगता येत नाही. मी त्याच्याकडे लक्ष देत नव्हते. शांत माणूस. शांत माणसाकडे कोण लक्ष देतं? लाँच कलंडली त्याच्या आधी दोन दिवस की नंतर दोन दिवस, काही आठवत नाही.”

“लाँचनेच जायचा?”

“कधी लाँचने, कधी पुलावरून बसने. जसं कुणी भेटेल तसं.”

तो अर्ध्या दिवसाची रजा टाकून तिच्याबरोबर गेला. खोली एवढीशी. खाट, स्टोव्ह, खिळ्याला सदरा, आणि कोपऱ्यात छत्र्यांचे सांगाडे. काळं कापड काढून टाकलेले, नुसत्या काड्या. बाईने एक सांगाडा उचलला. “मला म्हणायचा, छत्रीचा जीव कापडात नसतो, या इथल्या स्प्रिंगमध्ये असतो. ती गेली की छत्री मेली. बाकी सगळं बदलता येतं.” तिने तो खाली ठेवला. “इतकंच बोलला असेल वर्षभरात.”

खाटेखाली एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात गिऱ्हाइकांच्या पत्त्यांची चिठ्ठी सापडली. बाजाराची सात-आठ गावं, त्यापुढे दुकानांच्या खुणा: लोहाराच्या समोर, पाण्याच्या टाकीखाली. मोजदादाने ती उतरवून घेतली. बाई म्हणाली, “तुमचा कोण लागतो हो तो?”

“कुणी नाही.”

“मग?”

“बहुतेक मी त्याला मोजलाय,” तो म्हणाला.

त्याने साहेबांकडे रजा मागितली. साहेब म्हणाले, हे तुमचं काम नाही. मोजदादा म्हणाला, कामाची नाही, रजाच मागतोय. मग गावामागून गाव झालं. पहिल्या गावी छत्रीवाला कुणाला आठवेना. दुसऱ्या गावी आठवला, पण मागच्या पावसाळ्यातला. तिसऱ्या गावी लोहार म्हणाला, “आला होता की, मागच्या महिन्यात,” पण तारीख विचारल्यावर त्याने हातोडी खाली ठेवून आकाशाकडे बघितलं आणि परत उचलली. प्रत्येक गावी मोजदादाची आशा वाढे आणि भीतीही तेवढीच वाढे. मधूनच त्याच्या मनात येई, की हा माणूस मेलेला निघाला तर आपला आकडा बरोबर ठरतो. मग तो स्वतःलाच शिव्या देई. हे असलं मनात येणारा कोण, आणि त्याला शिव्या देणारा कोण, हेही त्याला नीट उमगेना. दोघंही एकाच सदऱ्यात राहत होते एवढं खरं.

सहाव्या गावी, पाण्याच्या टाकीखाली, एक माणूस बसला होता. पन्नाशीचा, सुकलेला, एक पाय पुढे लांब पसरलेला आणि त्याला पट्टी. मांडीवर उलटी छत्री. मोजदादा त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि आयुष्यात प्रथम एखाद्या चेहऱ्याकडे टक लावून बघत राहिला.

“छत्री आहे का?” माणसाने विचारलं.

“नाही.”

“मग उजेडातून बाजूला व्हा, मला दिसत नाही.”

मोजदादा बाजूला झाला आणि त्याच्या शेजारी जमिनीवरच बसला. “तुम्ही नदीकाठी खोलीत राहता ना? किल्ल्यांच्या बाईंकडे?”

“हो. भाडं दिलंय मी आगाऊ.”

“भाड्याचं नाही. तुम्ही परत आला नाहीत.”

“पाय मोडला. इथेच एका गिऱ्हाइकाने ओसरीवर जागा दिली.” त्याने मोजदादाकडे संशयाने बघितलं. “पण तुम्ही कोण?”

मोजदादाने सगळं सांगितलं. धुकं, लाँच, एकसष्ट, साठ, दोन जिवांची बाई, पेपरवाला, पाच आठवडे. मध्ये दोनदा त्याचा सांगण्याचा क्रम चुकला आणि तो परत मागे गेला. छत्रीवाल्याच्या हातातली पक्कड थांबली होती.

“मी त्या लाँचवर नव्हतो,” तो शेवटी म्हणाला. “मी बसने आलो. त्याच्या आदल्या आठवड्यात.”

“अस्सं.”

“म्हणजे तुमची फेरी फुकट गेली.”

“तसं नाही,” मोजदादा म्हणाला. त्याला हायसं वाटत होतं आणि निराशही वाटत होतं, आणि दोन्ही इतकं एकमेकांत मिसळलं होतं की कुठलं कुठे संपतं ते कळत नव्हतं.

छत्रीवाल्याने खालमानेने विचारलं, “सहा गावं फिरलात?”

“हे सहावं.”

“मला शोधत?”

“तुम्हालाच.”

“मला आजवर कुणी दोन गल्ल्यासुद्धा शोधलेलं नाही,” छत्रीवाला म्हणाला. त्याने छत्री उघडली, मिटली, परत उघडली. ती नीट उघडत होती, तरी तो उघडमीट करत राहिला. “लोक म्हणतात, माणूस गेला की आत्मा घरच्यांच्या आठवणीत राहतो. मी म्हणायचो, आपली मोठीच पंचाईत आहे. आपला कुठे राहणार?” तो जरासा हसला. “आणि इकडे तुम्ही मला पाच आठवडे पाण्यात धरून बसलात.”

“पाण्यात कोण आहे ते अजून कळलं नाहीच,” मोजदादा म्हणाला.

“कुणी नसेलही.”

“नसेलही.”

“मग आता?”

टाकीतून पाणी ठिबकत होतं, समोरून शाळा सुटलेली मुलं चालली होती. मोजदादाने ती मोजली नाहीत. एकीच्या नाकावर तीळ होता, तेवढा त्याला दिसला.

दोन दिवसांनी तो छत्रीवाल्याला बसने घेऊन आला. खोल्यांच्या बाईने दार उघडलं, भाडेकरूला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि म्हणाली, “एक चिठ्ठी पाठवता येत नव्हती?” आणि मग आत जाऊन इतका वेळ बाहेर आली नाही की दोघांनाही संकोच झाला.

मोजदादाला त्यानंतर मोजणीवर परत घ्यायचं साहेबांच्या मनात होतं. तो नको म्हणाला; तिकिटाच्या खिडकीतून माणसं समोरून दिसतात, ते त्याला बरं वाटायला लागलं होतं. छत्रीवाला कुठे बाहेरगावी निघाला की खिडकीशी येऊन सांगून जातो, “मी चाललो, बुधवारी परत.” मोजदादा ते कुठे लिहीत नाही. पण बुधवार उजाडला की दिवसभर त्याचा जीव खालीवर होत राहतो, आणि हे असं का व्हावं, हा माणूस तर आपला सोयरा ना शेजारी, याचा त्याला काही उलगडा होत नाही.

ज्या दिवशी छत्रीवाल्याला खोलीवर सोडून तो घरी आला, त्या दिवशी बायकोने विचारलं होतं, “सापडला का?”

“एक सापडला.”

“तोच?”

“नाही. हा वेगळा.”

“म्हणजे तो राहिलाच?”

“राहिला. किंवा नव्हताच.” मोजदादा पाय धुऊन पाटावर बसला. “तुला काय वाटतं?”

बायकोने बराच विचार केला. “मला वाटतं, तुम्ही आधी जेवून घ्या,” ती म्हणाली. तिने वाढलं, आणि कित्येक आठवड्यांनी तो भिंतीकडे न बघता जेवला, मध्येच एकदा घास हातात धरून तिच्याकडेच बघत राहिला, आणि ती म्हणाली, “काय झालं?” तर म्हणाला, “काही नाही. तू चष्मा कधी लावायला लागलीस?”

“चार वर्षं झाली,” ती म्हणाली.